सायकल कापायची परवानगी

शेत भेगाळलंय. साठवणीतला मका तळाला गेलाय. थोरली मुलगी घर सोडून गेली आहे, मुलाची शाळा फी न भरल्यामुळे सुटली आहे. घरात किंमत येईल अशी एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे सायकल. आणि तो शाळा सुटलेला मुलगा बापापुढे उभा राहून म्हणतो, ती मला द्या, मला तिचे तुकडे करायचे आहेत.

बाप नाही म्हणतो. नाही म्हणून थांबत नाही, तर पोरानं भंगारातून जुळवलेली लहानशी पवनचक्की मोडून टाकतो आणि त्याला शेतात राबायला लावतो. 'द बॉय हू हार्नेस्ड द विंड' या सिनेमातला हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. हा सिनेमा ज्यांना आवडतो ते बहुतेक जण शेवटी फिरणाऱ्या पात्यांबद्दल बोलतात. माझं मन मात्र दर वेळी त्या सायकलीपाशी अडतं.

सिनेमा आहे मलावी या आफ्रिकेतल्या छोट्या देशाचा. कसुंगु जिल्ह्यातलं विंबे हे ठिकाण आणि त्याच्या आसपासची गावं. गोष्ट खरी आहे. १९८७ साली जन्मलेल्या विल्यम कामक्वाम्बानं २००२ मध्ये, शाळा सुटलेली असताना, वाचनालयातल्या एका पुस्तकातलं चित्र बघून घरामागं पवनचक्की उभी केली. पुढं ब्रायन मीलर या पत्रकाराबरोबर त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं, ते २००९ मध्ये आलं. चिवेटेल एजिओफोर या नामवंत ब्रिटिश नटानं त्या पुस्तकावर पटकथा लिहिली, दिग्दर्शन केलं (पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच सिनेमा) आणि विल्यमच्या बापाची, ट्रायवेलची भूमिकाही स्वतःच केली. चित्रीकरण मलावीतच झालं. माणसं घरात चिचेवा बोलतात, शाळेत आणि साहेबापुढं इंग्रजी. आपल्याकडं शिकलेल्या पोराच्या घरात होतं तसंच. २०१९ च्या मार्चमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला.

सिनेमाचे भाग शेतीच्या कामांनी पाडले आहेत. पेरणी, वाढ, कापणी, मग भूक आणि शेवटी वारा. ही मांडणी मला फार नेमकी वाटली. शेतकऱ्याच्या घरात वर्ष असंच मोजतात, कॅलेंडरनं नाही. वारा यायला सिनेमाचा बराचसा वेळ जातो. अनेकांना पूर्वार्ध संथ वाटला. मला तो संथपणा आवश्यक वाटतो, कारण उपासमार अशीच येते. ती एका दिवसात दाराशी उभी राहत नाही. आधी भाकरीचा आकार कमी होतो, मग वेळा कमी होतात. कामक्वाम्बांच्या घरात एका टप्प्यावर सगळे बसून ठरवतात की आता दिवसातून एकदाच जेवायचं, मग ते केव्हा? सकाळी, दुपारी की रात्री? आवाज न चढवता, बाजाराची यादी करावी तशी ही चर्चा होते. मोठमोठ्या रडारडीच्या प्रसंगांपेक्षा हे बोलणं जास्त आत जातं.

मी हा सिनेमा पहिल्यांदा अप्पांबरोबर पाहिला. अप्पा, म्हणजे माझे वडील, औसा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो. धान्याच्या रांगेचा प्रसंग आला. सरकारी मका विकायला आलाय, हजारो माणसं लोटलीत, पोती संपत चाललीत. मी सांगायला तोंड उघडलं तर अप्पांनी हातानंच थांबवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "बाहात्तरला आमच्याकडं बी असंच व्हतं. रांगेत म्होरं उभा असलेला माणूस सारखा माघारी बघायचा."

१९७२ ला अप्पा दहा वर्षांचे होते. लातूर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आमचं गाव उस्मानाबादेत होतं. मिलो नावाची अमेरिकेची तांबडी ज्वारी, सुकडी, पाझर तलावाची कामं, खडी फोडणाऱ्या बाया, हे सगळं मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं. त्या दुष्काळाच्या आठवणी काढताना आमच्याकडं लोक आजही आवाज खाली करतात. पण मलावीतली गोष्ट बघताना मला एक फरक दिसत गेला आणि तो लहान नाही. महाराष्ट्रात सलग तीन वर्षं पाऊस फिरला, पिकं गेली, जनावरं गेली, तरी सरकारनं कामं काढली. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हाल प्रचंड झाले. पण हातात मजुरीचे पैसे होते, गावाजवळ काम होतं, त्यामुळं भुकेनं माणसं पटापट मेली नाहीत.

मलावीत २००१ च्या सुरुवातीला पावसानं झोडपलं, पूर आले आणि मक्याचं पीक आदल्या वर्षापेक्षा जवळपास एक तृतीयांशानं कमी आलं. न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, हे तिथलं रोजचं अन्न. मका नाही म्हणजे जेवण नाही. तरीही सावध व्हायला उशीर झाला, कारण कसावा आणि रताळी भरपूर आल्याचे फुगवलेले अंदाज कागदावर होते. त्याआधी देशाच्या राखीव कोठारात सुमारे १ लाख ६५ हजार टन मका होता. कर्ज काढून एवढा साठा सांभाळणं परवडत नाही, तो ३० ते ६० हजार टनांवर आणा, असा सल्ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं दिला. सरकारनं जवळजवळ सगळाच विकून टाकला. व्यापाऱ्यांनी स्वस्तात घेऊन दाबून ठेवला आणि पुढच्या काही महिन्यांत मक्याचा भाव चौपटीवर गेला. खताच्या मदतीलाही त्याच सुमारास कात्री लागली होती. बाहेरून मागवलेला मका बंदरात आणि वाटेत रखडत राहिला. सरकारनं राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली ती २००२ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस. तोवर गावागावांत माणसं मका दळल्यावर उरलेला कोंडा विकत घेऊन खात होती.

सिनेमा हे सगळं आकड्यांत सांगत नाही, सांगूही नये. तो आपल्याला गावचा मुखिया दाखवतो. राष्ट्राध्यक्षांच्या सभेत तो शांतपणे, पूर्ण मान राखून म्हणतो की माझी माणसं उपाशी आहेत, आणि त्याला मंचामागं नेऊन मारतात. तो झाडं दाखवतो. तंबाखूच्या मळेवाल्या कंपनीला झाडं तोडायची असतात, रोख पैशाच्या गरजेपोटी एकेक घर कागदावर सही करतं आणि झाडं गेल्यावर पुराचं पाणी सरळ शेतात शिरतं. मुलाच्या कर्तबगारीवरच्या सिनेमात एवढी जागा या गोष्टींना दिली, म्हणून मला एजिओफोरबद्दल आदर वाटतो. जिद्दीच्या गोष्टी सांगताना संकट आभाळातून पडलं असं दाखवणं सोपं असतं. इथं संकटाला सही आहे, शिक्का आहे.

आणि अशा वेळी सायकल.

सिनेमातली सायकल चालू स्थितीतली आहे. ती बाजाराला जाते, ओझं वाहते, वेळ आली तर विकता येते. पुस्तकातली सायकल आधीच मोडकी होती. तिला हँडल नव्हतं, चाक एकच होतं, सांगाडा गंजलेला. तरीही खऱ्या बापानं आधी नाहीच म्हटलं होतं. हा तपशील कळल्यावर मला तो प्रसंग उलट जास्त खरा वाटायला लागला. गरिबाच्या घरातली मोडकी वस्तू भंगार नसते. ती दुरुस्त करायची राहिलेली वस्तू असते. आमच्या माळवदाच्या घरात वरच्या खोलीत एक स्टोव्ह, कडबा कापायच्या जुन्या अडकित्त्याचं पातं, इंजिनाची एक पिस्टन रिंग आणि असंच बरंच काही वर्षानुवर्षं होतं. आई झाडताना ते सगळं उचलून बाजूला ठेवायची आणि झाडून झालं की परत जागेवर. त्यातलं काही टाकायचं म्हणजे, हे आपल्याला आता कधीच जमणार नाही, असं कबूल करायचं. ट्रायवेलला ते कबूल करायचं नव्हतं.

गावच्या हायस्कुलात मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही जुन्या विद्यार्थ्यांनी हा सिनेमा प्रोजेक्टरवर दाखवला. आठवी-नववीची पोरं होती. मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होतो. संपल्यावर गुरुजींनी विचारलं, काय शिकलात? जिद्द, चिकाटी, प्रयत्नांती परमेश्वर, अशी हमखास उत्तरं आली. मग मागं बसलेल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, मग त्याच्या बापाला दुसरी सायकल भेटली का?"

कुणी हसलं नाही. तिच्या घरी काय असेल, कुणाची गाडी फायनान्सवाल्यानं उचलून नेली असेल, मला माहीत नाही. पण त्या खोलीत तिनंच सिनेमा पूर्ण पाहिला होता असं मला वाटतं. तिला कळलं होतं की वारा फुकट असतो, चक्की फुकट नसते. कुणीतरी आपल्याजवळचं द्यावं लागतं आणि ते परत मिळेल याची खात्री देता येत नाही.

या नजरेनं पाहिलं की सिनेमातलं एकेक माणूस काय देतं ते दिसायला लागतं. विल्यमची बहीण ॲनी हुशार आहे, तिला विद्यापीठात जायचंय, पैशासाठी तिचं जाणं लांबतंय. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकावर तिचं चोरून प्रेम आहे. त्या शिक्षकाच्या सायकलीला डायनामो आहे. पॅडल मारलं की पुढचा दिवा लागतो, हे विल्यमनं पाहून ठेवलंय. फी न भरल्यामुळं शाळेबाहेर काढलेला विल्यम बहिणीचं गुपित माहीत असल्याच्या जोरावर त्या शिक्षकाकडून वाचनालयात बसायची सोय करून घेतो. पुढं एका रात्री ॲनी त्या शिक्षकाबरोबर निघून जाते. ती का जाते? प्रेम आहेच. पण घरातलं खाणारं एक तोंड कमी व्हावं हेही आहे. जाताना डायनामो भावासाठी राहतो. तिचं शिक्षण तिथं संपतं आणि त्याचं यंत्र तिथं सुरू होतं. सिनेमा या गोष्टीवर फार थांबत नाही. मला वाटतं थांबायला हवं होतं. आपल्याकडं भावाच्या इंजिनिअरिंगसाठी बारावीत थांबवलेल्या बहिणी घरोघर आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

ॲग्नेस, विल्यमची आई, ही या सिनेमातली सगळ्यात मोठी व्यक्तिरेखा आहे. आयसा मायगानं ती केली आहे. घरावर धान्यचोर येतात तेव्हा ती घरात आहे. मुलगी जाते तेव्हा ती घरात आहे. नवरा धान्याच्या शोधात, सभेत, रांगेत असतो तेव्हा प्रत्येक मापट्याचा हिशेब तिच्याकडं आहे. विल्यमचा कुत्रा उपासमारीनं मरतो, सगळं संपल्यासारखं होतं, तेव्हा नवऱ्याशी बोलायला तीच उभी राहते. बापाचा निर्णय बदलला तो पोराच्या शास्त्रानं नाही, आईच्या बोलण्यानं. ट्रायवेल मग पोराकडं जातो आणि दोघांमध्ये जे होतं ते जवळजवळ शब्दांशिवाय होतं. एजिओफोर इथं अभिनय करतोय असं वाटतच नाही. खांदे किंचित खाली आलेले, नजर पोराच्या तोंडावर नाही, हातांवर. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचं ठरवलेला बाप असाच दिसत असणार.

वाचनालयातल्या बाईंना विसरून चालणार नाही. विंबेच्या प्राथमिक शाळेतलं ते वाचनालय म्हणजे जेमतेम तीन लोखंडी मांडण्या आणि अमेरिकेतून देणगीत आलेली जुनी पुस्तकं. त्यातल्या 'युझिंग एनर्जी' नावाच्या शालेय पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग होती. विल्यमचं इंग्रजी तेव्हा यथातथाच. आकृतीखाली जो शब्द असेल तो घेऊन तो बाईंना विचारायचा, मग उरलेल्या मजकुरात तो शब्द शोधत जायचा. शाळेतून नाव कमी झालेल्या मुलाला पुस्तक घरी न्यायला देणं हे नियमात बसलं असतं की नाही कुणास ठाऊक. बाईंनी दिलं.

आता यंत्राबद्दल. इथं माझी सिनेमाबद्दल खरी तक्रार आहे. चक्की बांधायचं काम सिनेमा घाईनं उरकतो. सायकल मिळाल्यावर दोस्तमंडळी जमतात, लाकडं तोडतात, संगीत वाढतं आणि पाती फिरतात. पुस्तकात हेच काम कितीतरी जास्त रंगतं. विल्यमकडं गिरमिट नव्हतं, म्हणून त्यानं मक्याच्या रिकाम्या कणसात खिळा खुपसला, कणसाची मूठ धरून खिळा आगीत लाल केला आणि प्लास्टिकला भोकं पाडली. वॉशर नव्हते, तर बिअरच्या बाटल्यांची बुचं ठोकून सपाट केली. पात्यांसाठी पीव्हीसी पाईप उभा चिरून आगीवर धरला, मऊ झाल्यावर पसरून सपाट केला. मधला भाग म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाचा पंखा, आस म्हणजे एक शॉकॲब्सॉर्बर, आणि हे सगळं सायकलीच्या सांगाड्यावर. पाती फिरली की चेन फिरते, चाक फिरतं, चाकाला टेकलेला डायनामो फिरतो, त्याच्या आतलं चुंबक तांब्याच्या वेटोळ्यात गरागरा फिरतं आणि तारेत वीज येते. मनोरा निलगिरीच्या वाशांचा, सुमारे ५ मीटर उंच. कणसाची मूठ असलेला तो तापलेला खिळा सिनेमात मिनिटभर दाखवला असता तरी आमच्या शाळेतल्या पोरांनी जागेवर उडी मारली असती. भूक ज्याच्या अभावानं आली त्याच मक्याचं अवजार झालेलं त्यांना दिसलं असतं.

दुसरा बदल मोठा आहे. सिनेमात चक्कीच्या विजेवर बॅटरी भरते, भंगारातला पंप चालतो, विहिरीचं पाणी शेताला जातं आणि उन्हाळ्यात पीक हिरवं होतं. प्रत्यक्षात पहिल्या चक्कीनं पाणी उपसलं नाही. तिची ताकद होती १२ वॅट. त्यावर पुढं घरातले चार दिवे आणि दोन रेडिओ चालले. पाण्याचा पंप नंतरच्या काळात, मदत मिळाल्यावर आला. आमच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर म्हणजे साधारण ३,७०० वॅट. तिच्यापुढं १२ वॅट म्हणजे काहीच नाही, असं शेतकरी पटकन म्हणेल. पण हिशेब करून बघावा. हजार लिटर पाणी दहा मीटर वर उचलायला सुमारे २७ वॅट-तास लागतात. गळती, घर्षण धरून दुप्पट म्हणा. रात्रभर वारा चांगला राहिला आणि बॅटरी धड असली, तर १२ वॅटवर सकाळी हजार-दोन हजार लिटर पाणी निघू शकतं. शेत नाही भिजणार, परसातला वाफा नक्की भिजेल. म्हणजे सिनेमानं अशक्य ते दाखवलेलं नाही, होऊ शकणारं ताणून आणि अलीकडं ओढून दाखवलं आहे.

हा बदल का केला ते कळतं. भुकेच्या गोष्टीचा शेवट अन्नात व्हावा असं पाहणाऱ्याला वाटतं. तरीही मला खरा शेवट जास्त भिडतो. २००२ साली चक्की उभी राहिली तेव्हा दुष्काळाची सगळ्यात वाईट वेळ उलटून गेली होती. मग त्या मुलाला दिवा का हवा होता? कारण अंधार पडला की घर झोपायचं. रॉकेल परवडत नव्हतं आणि जे मिळायचं त्याच्या धुरानं बहिणी खोकायच्या. बाजारच्या दिवशी लोक गंमत बघायला जमले होते. पोरगं वेडं झालंय, नशापाणी करतंय, असं कित्येक महिने बोललं जात होतं. विल्यम वर चढला, चाकात अडकवलेली तार काढली, पाती वाऱ्यावर गेली, मनोरा हलायला लागला आणि हातातला गाडीचा छोटा बल्ब लुकलुकत पेटला. तो पेटलेला दिवा कुणाच्या पोटात गेला नाही. पण त्या रात्रीपासून त्या घरात केव्हा झोपायचं हे घरातली माणसं ठरवायला लागली. अंधारानं ठरवलेल्या वेळी झोपणं काय असतं हे अप्पांच्या पिढीला पक्कं ठाऊक आहे. आमच्या वस्तीवर खांब आला तेव्हा मी लहान होतो. त्या दिवशी आजीनं एकच काम केलं. रात्री उशिरापर्यंत बसून गोधडीचे राहिलेले टाके घातले, फक्त दिसतंय म्हणून.

पुढं शेजारीपाजारी मोबाईल चार्ज करायला यायला लागले. विल्यमनं घरात तारा ओढल्या, बटणं बनवली ती तुटक्या चपलेच्या रबराची आणि सायकलीच्या आऱ्यांची. तार तापून छपराला आग लागायची भीती वाटली, तेव्हा खिळ्यांवर तांब्याची तार गुंडाळून, मध्ये चुंबक ठेवून, जास्त वीज आली की जोडणी तोडणारा सर्किट ब्रेकर केला. त्याची कल्पना त्यानं पुस्तकातल्या विजेच्या घंटेवरून घेतली होती. हा सगळा उद्योग करणारा मुलगा शाळेत नव्हता.

सिनेमात न आलेली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. चक्की फिरली आणि पोराचं नशीब फिरलं, असा आपला समज होतो. तसं झालं नाही. वर्षाला साधारण ८० डॉलर फी न भरता आल्यामुळं शाळेतून गेलेला विल्यम जवळजवळ पाच वर्षं शाळेबाहेरच होता. चक्की बांधूनही. दिवे लावूनही. त्याची अक्कल सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिली होती, डोंगराएवढी पाहिली होती, पण ती पाहून फी भरता येत नाही. गाव स्वतःच त्या दुष्काळातून रांगत बाहेर येत होतं. मधल्या काळात तो वाचनालयात येत राहिला आणि चक्की सुधारत राहिला. २००६ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामातले काही अधिकारी विंबेचं वाचनालय बघायला आले, त्यांच्या नजरेला ती पाती पडली, मग बातमीदार आले, वर्तमानपत्रात छापून आलं आणि तेव्हा कुठं तो वयानं लहान मुलांच्या वर्गात जाऊन पुन्हा बाकावर बसला.

२००७ च्या जूनमध्ये टांझानियातल्या अरुशा इथं टेड या भाषणांच्या परिषदेच्या व्यासपीठावर तो उभा राहिला. एकोणीस वर्षांचा. मोडक्या इंग्रजीत, दोनचार मिनिटं. मी प्रयत्न केला आणि केलं, एवढंच त्याचं सांगणं. तिथं कुणीतरी त्याला इंटरनेट दाखवलं आणि पवनचक्की हा शब्द शोधून दाखवला. लाखो पानं निघाली. आकृत्या, मापं, सूचना, सगळं तयार. गावातल्या त्या मुलानं एका मुखपृष्ठावरच्या चित्रावरून जे काढलं होतं ते सगळं जगात आधीपासून उघडं पडलेलं होतं. फक्त त्याच्यापर्यंत आलेलं नव्हतं.

तिथून त्याला मदत मिळाली. जोहान्सबर्गमधली शाळा, मग अमेरिकेतलं डार्टमथ कॉलेज, २०१४ मध्ये पदवी. पण हाताशी पैसे आले तेव्हा त्यानं केलेली कामं मला या पदव्यांपेक्षा महत्त्वाची वाटतात. गावात खोल विहीर आणि तिच्यावर सौर पंप, म्हणजे बायकांचा पाण्याचा फेरा वाचला. घराला चांगलं छप्पर. आणि फी. दुष्काळात ज्यांची शाळा त्याच्यासारखीच सुटली होती त्या चुलत भावंडांची फी, आणि चक्की बांधताना खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला दोस्त गिल्बर्ट, मुखियाचा मुलगा, त्याचीही फी.